ताजा नकाशा, शिळा नकाशा
संगणकावरील घराच्या मॉडेलमध्ये एक आकडा बदलला, की बाकीचे नकाशे आपोआप बदलतात का?

मराठवाड्याच्या काळ्या मातीत घर बांधायचे, तर आधी पायाचा आणि जोत्याचा विचार करावा लागतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगाव हे स्थानक आहे. या पेडगावात एखाद्या कुटुंबाने ३० फूट बाय ४० फुटांचे घर बांधायला काढले आहे, अशी कल्पना करू. घरमालक पुण्यात नोकरीला, वास्तुविशारद परभणीत आणि मिस्त्री गावात. नकाशात जोत्याची उंची २ फूट धरलेली आहे. पायाचे खोदकाम सुरू झाल्यावर कळते, की समोरचा रस्ता काँक्रीटचा होणार असून त्याची पातळी वाढणार आहे. पावसाचे पाणी ओसरीत शिरू नये म्हणून जोते ३ फूट करायचे ठरते. निर्णय दूरध्वनीवर दोन मिनिटांत होतो.

या एका फुटाचे परिणाम मात्र दूरवर जातात. सहा इंचांची एक पायरी धरली, तर जोते चढायला चार पायऱ्यांऐवजी सहा लागतात. पायरीची रुंदी एक फूट असेल, तर या वाढीव दोन पायऱ्या अंगणात दोन फूट पुढे सरकतात आणि फाटक उघडायला जागा उरते का, हा नवा प्रश्न उभा राहतो. जोत्यातील भराव एका फुटाने वाढतो. १२०० चौरस फुटांवर एक फूट म्हणजे १२०० घनफूट. भिंतींची जागा वजा जाता सुमारे ११-१२ ब्रास मुरूम जास्त मागवावा लागतो. घर जमिनीपासून एक फूट वर उचलले जाते आणि चारही बाजूंचे दर्शनी रूप बदलते. एक प्लॅन, चार एलिव्हेशन, दोन सेक्शन, पायऱ्यांचे एक तपशीलवार चित्र आणि मालाचा एक तक्ता धरला, तर एकूण नऊ कागद एका आकड्याने शिळे होतात.

त्यांपैकी आठ बदलले आणि एक राहिला, तर मिस्त्रीच्या हाती नेमका तोच पडण्याची शक्यता असते. वास्तुरचनेच्या आधुनिक संगणकप्रणाली हा धोका कमी करण्यासाठीच विकसित झाल्या. मात्र त्या काय आपोआप बदलतात आणि काय बदलत नाहीत, हे घर बांधणाऱ्यालाही ठाऊक असलेले बरे.

रेघांकडून वस्तूंकडे

संगणक येण्यापूर्वी नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढले जात. चुकीची रेघ ब्लेडने हलक्या हाताने खरवडून पुन्हा काढावी लागे आणि मग अमोनियाच्या छपाईने प्रती निघत. नऊ कागद बदलायचे तर नऊ वेळा खरवडणे आले. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडने ब्लेडची गरज संपवली. पण मूळ अडचण तशीच राहिली. संगणकाच्या लेखी भिंत म्हणजे दोन समांतर रेघाच होत्या. प्लॅनमधील भिंतीच्या रेघा आणि एलिव्हेशनमधील त्याच भिंतीच्या रेघा यांचा काही संबंध आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. तो संबंध आरेखकाच्या डोक्यात असे.

हा संबंध संगणकालाच शिकवावा, हा विचार त्याहून जुना आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये 'स्केचपॅड' ही प्रणाली सादर केली. तिच्यात एक मूळ आकृती काढून तिच्या अनेक प्रती वापरता येत आणि मूळ आकृती बदलली, की सर्व प्रती बदलत. पुढे १९७० च्या दशकात चार्ल्स ईस्टमन यांनी इमारतीचे एकच संगणकीय वर्णन साठवून त्यातून प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन काढण्याची कल्पना मांडली. हंगेरीतील ग्राफिसॉफ्ट कंपनीने 'आर्किकॅड'च्या रूपाने १९८० च्या दशकात ती वैयक्तिक संगणकावर आणली. 'रेव्हिट' ही प्रणाली २००० मध्ये आली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ती १३ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. 'रिव्हाइज इन्स्टंटली', म्हणजे तत्काळ दुरुस्ती, या शब्दांवरून तिचे नाव पडले, असे सांगितले जाते. या साऱ्या पद्धतीला आज 'बिम', म्हणजेच बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, असे म्हणतात.

या प्रणालींत भिंत ही रेघांची जोडी नसून एक वस्तू असते. तिला जाडी, उंची, साहित्य आणि पातळी असते. खिडकी भिंतीत 'बसवलेली' असते. भिंत सरकली, की खिडकीही तिच्यासोबत सरकते. घराचे मॉडेल एकच असते. नकाशे मात्र हवे तितके काढता येतात.

नकाशा म्हणजे मॉडेलला विचारलेला प्रश्न

अशा प्रणालीत प्लॅन हे वेगळे चित्र म्हणून साठवलेले नसते. साठवलेला असतो तो एक प्रश्न: 'जमिनीपासून सुमारे चार फुटांवर घर आडवे कापले आणि वरून पाहिले, तर काय दिसेल?' सेक्शन म्हणजे घर उभे कापून बाजूने पाहणे. एलिव्हेशन म्हणजे न कापता बाहेरून समोर पाहणे. दारे-खिडक्यांचा तक्ता हाही प्रश्नच असतो: 'या घरात किती दारे आहेत आणि त्यांची मापे काय?' प्रश्न तोच ठेवून मॉडेल बदलले, तर उत्तर बदलते. नकाशा 'अद्ययावत होणे' म्हणजे हा प्रश्न पुन्हा विचारला जाणे.

उत्तर देताना संगणकाला बरीच मेहनत करावी लागते. प्रथम कापणीच्या प्रतलात कोणत्या वस्तू येतात ते शोधून त्यांचे छेद काढायचे; त्यांच्या कडा जाड रेघेने दाखवायच्या. मग मागच्या वस्तूंपैकी कोणती रेघ दिसते आणि कोणती पुढच्या भिंतीआड लपते, याचा हिशेब करायचा. त्यानंतर नकाशाच्या प्रमाणानुसार तपशील ठरवायचा. लहान प्रमाणाच्या नकाशात दार एका कमानीच्या खुणेने दाखवले तरी चालते, मोठ्या प्रमाणाच्या नकाशात चौकटीची खाचही दिसावी लागते. शेवटी मापे, खोल्यांची नावे आणि क्रमांक योग्य जागी बसवायचे. लहान घराला हे काम क्षणार्धात होते. शेकडो खोल्यांच्या रुग्णालयाचे सारे नकाशे नव्याने काढायला बराच वेळ लागू शकतो.

म्हणून या प्रणाली सरसकट सारे पुन्हा काढत नाहीत. कोणती वस्तू कोणावर अवलंबून आहे, याची नोंद त्या ठेवतात. जोत्याच्या पातळीवर भिंती उभ्या आहेत, भिंतींत खिडक्या आहेत, खिडकीच्या कडेला माप जोडलेले आहे, अशी ती साखळी असते. पातळी बदलली, की त्या साखळीतील प्रत्येक दुव्यावर 'शिळे' अशी अदृश्य खूण पडते आणि तेवढाच भाग नव्याने मोजला जातो. एक्सेलमध्ये हिशेब करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. एका चौकटीतील दर बदलला, की त्यावर अवलंबून असलेल्या बेरजाच बदलतात, बाकीचे पान जागच्या जागी राहते. बिम प्रणाली हेच काम आकड्यांऐवजी भिंती आणि छपरांवर करते.

तीन तऱ्हा

प्रश्न पुन्हा केव्हा विचारायचा, यावर मात्र प्रणालींचे एकमत नाही. ढोबळमानाने तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा रेव्हिटची. येथे प्लॅन, सेक्शन आणि तक्ते ही एकाच माहितीसाठ्याची वेगवेगळी दारे आहेत. कोणत्याही दारातून आत जाऊन बदल केला, तरी तो सर्व दारांतून दिसतो. तक्त्यात खिडकीची रुंदी बदलली, तर एलिव्हेशनमध्येही खिडकी रुंद होते. 'अद्ययावत करा' असे वेगळे बटण दाबावे लागत नाही.

दुसरी तऱ्हा आर्किकॅडची. तेथे सेक्शन आणि एलिव्हेशन आपोआप बदलावेत, आज्ञा दिल्यावरच बदलावेत, की मॉडेलपासून तोडून निव्वळ चित्र म्हणून राहावेत, हे वापरणाऱ्याला ठरवता येते. छपाईच्या पानांवर मांडलेल्या नकाशांनाही आपोआप किंवा आज्ञेने अद्ययावत होण्याची निवड असते. मोठ्या प्रकल्पात प्रत्येक बदलासरशी सारे नकाशे पुन्हा मोजले, तर संगणक मंदावतो, म्हणून ही सोय उपयोगी पडते. तिची किंमत एवढीच, की आज्ञा द्यायची राहून गेली, तर जुने चित्र नव्या तारखेने छापले जाऊ शकते.

तिसऱ्या तऱ्हेत मॉडेल एकीकडे आणि नकाशाचे पान दुसरीकडे असते. स्केचअपमध्ये घर घडवायचे आणि लेआउट या जोड-प्रणालीत त्याची पाने मांडायची, ही पद्धत अनेक लहान कार्यालयांत रूढ आहे. मॉडेल बदलून साठवले, तरी लेआउटमधील पान ते वाचून घेईपर्यंत जुनेच राहते. फ्रीकॅड या विनामूल्य प्रणालीत पान सतत अद्ययावत ठेवायचे की नाही, याचा पर्याय असतो. काम जड झाले, की तो बंद ठेवला जातो. ब्लेंडरवर चालणाऱ्या बोन्साय या मुक्त प्रणालीतही आज्ञा दिल्यावर नकाशा तयार होऊन वेगळ्या फायलीत साठतो.

कोणती तऱ्हा श्रेष्ठ, हा वाद व्यर्थ आहे. एकट्याने काम करणाऱ्या आणि काटेकोर सवयी असलेल्या वास्तुविशारदाला तिसरी तऱ्हाही पुरते. आपल्या प्रणालीत नकाशा आपोआप ताजा होतो की करावा लागतो, हे मात्र कार्यालयातील प्रत्येकाला पक्के माहीत असले पाहिजे.

जे आपोआप बदलत नाही

सर्वाधिक फसगत होते ती पहिल्या तऱ्हेवर विसंबून. तेथेही काही गोष्टी बदलाच्या साखळीबाहेर असतात.

एक म्हणजे हाताने काढलेल्या रेघा. सेक्शन नीटनेटका दिसावा म्हणून आरेखक कधी कधी त्यावर पायाच्या किंवा वॉटरप्रूफिंगच्या रेघा वरून काढतो. घर एक फूट वर गेले, तरी या रेघा जागेवरच राहतात. दुसरी गोष्ट म्हणजे हाताने लिहिलेला मजकूर. 'जोते: २ फूट' असे टिपण म्हणून लिहिले असेल, तर ते तसेच राहते, पातळीला जोडलेली खूण असेल, तर तिचा आकडा बदलतो. ऑटोकॅडमध्ये मोजलेल्या मापाच्या जागी हवा तो आकडा टंकित करता येतो. रेघ दहा फुटांची आणि लिहिलेले माप अकरा फूट, अशी ही विसंगती नजरेला सहसा दिसत नाही.

तिसरी गोष्ट बाहेरून आलेल्या फायलींची. स्ट्रक्चरल इंजिनीअरचे कॉलम आणि बीम वेगळ्या फायलीत असतात. त्याने केलेला बदल ती फाइल नव्याने वाचून घेतल्याशिवाय वास्तुविशारदाच्या नकाशात येत नाही. एकाच मॉडेलवर अनेक जण काम करत असतील, तेव्हाही प्रत्येकाकडे आपापली प्रत असते आणि मध्यवर्ती मॉडेलशी ती जुळवून घेईपर्यंत दुसऱ्याचे काम दिसत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नकाशा अद्ययावत झाला म्हणजे रचना दुरुस्त झाली, असे नाही. जोत्याची पातळी वाढवली, की भिंती वर जातील. पण काही प्रणालींत पायऱ्या आपोआप वाढत नाहीत. पायऱ्या वरच्या पातळीला पोचत नाहीत, एवढाच इशारा पडद्यावर येतो. तो वाचायचा आणि दोन पायऱ्या कोणत्या बाजूला घ्यायच्या हे ठरवायचे, हे काम माणसाचेच असते. आलेले इशारे न वाचता बाजूला सारण्याची सवय लागली, की उत्तम प्रणालीही कुचकामी ठरते.

बदलाचा हिशेब चुकतो तेव्हा

बदलाचे परिणाम शेवटपर्यंत न तपासल्याची किंमत किती जबर असू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे आहे. तेथील हयात रिजन्सी हॉटेलमध्ये १७ जुलै १९८१ रोजी दोन झुलते पूल कोसळून ११४ जणांचा मृत्यू झाला. मूळ रचनेत छतापासून निघालेली एकच सलग सळई वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पुलांना तोलत होती. जोडणी सोपी व्हावी म्हणून कारखान्याच्या नकाशात एका सळईऐवजी दोन दाखवल्या गेल्या. त्यामुळे खालचा पूल वरच्या पुलाला टांगला गेला आणि वरच्या पुलाच्या जोडावरील भार दुप्पट झाला. नकाशा बदलला होता, पण त्या बदलाचा हिशेब कोणी पुन्हा मांडला नाही.

दुसरे उदाहरण संगणकाच्या काळातले. एअरबसच्या ए-३८० या महाकाय विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा असतात. जर्मनी आणि फ्रान्समधील अभियंते एकाच आरेखन प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. एकीकडचे बदल दुसरीकडे नीट पोचले नाहीत. हॅम्बुर्गहून आलेल्या तारांचे जुडगे तुलूझमध्ये बसवताना लांबीला कमी पडू लागले आणि २००६ मध्ये विमानांचे वितरण लांबणीवर टाकावे लागले.

मोठ्या सार्वजनिक कामांत आता हा धडा गिरवला जातो. नागपूर मेट्रो उभारताना महा मेट्रोने 'फाइव्ह-डी बिम' पद्धत स्वीकारली. लांबी, रुंदी आणि उंची या तीन मितींना वेळापत्रक ही चौथी आणि खर्च ही पाचवी मिती जोडलेली असते. म्हणजे खांबाच्या आकारात बदल झाला, तर नकाशासोबत काँक्रीटचे प्रमाण, कामाचे दिवस आणि देयकाचा अंदाजही त्याच माहितीतून तपासता येतो. पेडगावच्या घरातील १२ ब्रास मुरुमाचा हिशेब आणि मेट्रोच्या खांबांचा हिशेब तत्त्वतः एकच आहे.

छापला, की गोठला

मॉडेल कितीही ताजे असले, तरी त्यातून काढलेली पीडीएफ किंवा कागद त्या क्षणी गोठतो. पुढे मॉडेलमध्ये झालेला कोणताही बदल त्या कागदापर्यंत पोचत नाही. बांधकाम तर कागदावर, आणि आता मोबाइलवर पाहूनच चालते. व्हॉट्सअॅपवर आलेला नकाशा मिस्त्रीच्या मोबाइलमध्ये साठतो, नंतर दुसरा येतो, तिसरा येतो. फायलींची नावे 'फायनल', 'फायनल नवा', 'फायनल शेवटचा' अशी असली, तर कोणता खरा हे ओळखणे अवघड होते.

यावरचा उपाय जुनाच आहे आणि तो आजही तितकाच उपयुक्त आहे. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यातील चौकटीत आवृत्ती क्रमांक, तारीख आणि काय बदलले याची एका ओळीची नोंद असावी. बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ काढण्याची प्रथा आहे. त्यामुळे वाचणाऱ्याची नजर थेट तेथे जाते. आयएसओ १९६५० या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक फायलीची अवस्था सांगण्याची शिस्त घातली आहे. काम चालू असलेली, सहकाऱ्यांना दाखवलेली, बांधकामासाठी दिलेली आणि जुनी म्हणून जपून ठेवलेली, अशा त्या चार अवस्था. दोन खोल्यांच्या घरालाही ही शिस्त लावायला खर्च येत नाही.

शहरात सदनिका घेणाऱ्यांच्या दृष्टीने तर आवृत्तीचा प्रश्न कायद्याचाही आहे. मंजूर नकाशा हा मॉडेलचा एका विशिष्ट तारखेचा गोठलेला क्षण असतो आणि त्या क्षणाला कायदेशीर वजन असते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे 'रेरा'च्या, १४ व्या कलमानुसार मंजूर आराखड्यानुसारच प्रकल्प उभारावा लागतो. इमारतीच्या किंवा सामायिक जागांच्या आराखड्यात फेरफार करायचा, तर किमान दोन तृतीयांश सदनिकाधारकांची आगाऊ लेखी संमती लागते. संगणकावर भिंत सरकवायला एक क्षण पुरतो. ती सरकवण्याचा अधिकार मात्र त्या क्षणाने मिळत नाही. म्हणून विक्री कार्यालयातील आकर्षक चित्र आणि मंजूर नकाशा यांची तारीख व आवृत्ती ग्राहकाने ताडून पाहणे हिताचे.

मिस्त्रीची फक्की

जुन्या काळी मराठवाड्यातील माळवदाचे घर नकाशाविनाच उभे राही. घर किती खणांचे, हे ठरले की गवंडी जमिनीवर फक्कीने आखणी करी. मालक, सुतार आणि गवंडी त्याच रेघांभोवती उभे राहून बोलत. बदल हवा असेल तर फक्की पुसून नवी रेघ ओढली जाई आणि ती सर्वांना त्याच वेळी दिसे. एकच नकाशा, तोही प्रत्यक्ष जागेवर. त्यामुळे शिळा होण्याचा प्रश्नच नव्हता. आज मालक, वास्तुविशारद आणि मिस्त्री तीन ठिकाणी असतात. हरवलेली ती एकच आखणी संगणकीय मॉडेल काही अंशी परत आणते; पण मिस्त्रीपर्यंत शेवटी पोचते ते तिचे छायाचित्रच.

म्हणूनच पेडगावच्या त्या कल्पित घरमालकाने तीन गोष्टी विचाराव्यात. बदलानंतर सर्व नऊ कागद नव्याने काढले का? प्रत्येकावर नवी तारीख आणि आवृत्ती आहे का? आणि मिस्त्रीकडील जुने कागद परत घेऊन, त्याच्या मोबाइलमधील जुने नकाशे पुसले का? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण चुकीच्या पायऱ्या बहुधा तेथेच बांधल्या जातात.

'वेड पांघरून पेडगावला जाणे' या म्हणीचा संबंध भीमाकाठच्या, श्रीगोंदा तालुक्यातील पेडगावाशी जोडला जातो. परभणीच्या पेडगावाशी नव्हे. तरी शिळ्या नकाशाला ती चपखल बसते. त्याच्या रेघा सरळ असतात, मापे सुवाच्य असतात, शिक्काही असतो, आणि जोते एक फूट वाढल्याचे आपल्या गावीच नाही, असा त्याचा चेहरा असतो. त्या चेहऱ्याला न भुलता कोपऱ्यातील तारीख आधी वाचायची, ही सवय कोणतीही संगणकप्रणाली माणसाच्या वतीने लावून घेत नाही.